पाण्यातील धातूंची प्रकाशाने परीक्षा

चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन वनसंपन्न जिल्ह्यांत नद्या, नाले, बोड्या व माजी मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. तथापि पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या बहुसंख्य गावांचा भरवसा विहिरीवर व हातपंपावर असतो. जमिनीतून वर येणारे पाणी ज्या खडकांतून झिरपत येते, त्या खडकांतील पदार्थ थोड्याफार प्रमाणात आपल्याबरोबर आणते. त्यांपैकी काही पदार्थ डोळ्यांना दिसतात, काही जिभेला कळतात. परंतु जे सर्वांत घातक आहेत, ते बहुधा दिसतही नाहीत व कळतही नाहीत. अशा न दिसणाऱ्या धातूंचा शोध घेण्याची एक नवी रीत, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने परीक्षा करण्याची रीत, गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे. तिचे तत्त्व काय, तिचा उपयोग कोठवर व तिच्यावर विश्वास किती ठेवावा, ह्याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावी प्रस्तुत लेखकास जावे लागले. गावात हातपंप चालू स्थितीत होता. परंतु स्त्रिया डोक्यावर गुंड घेऊन नाल्याकडे जाताना दिसल्या. कारण विचारता एक वृद्ध बाई म्हणाल्या, "साहेब, बोरिंगचं पाणी लाल होते, भात पिवळा पडते. नाल्याचं पाणी कसं काचावानी हाये." आम्ही ते ऐकून घेतले आणि रोवणीच्या प्रात्यक्षिकास निघून गेलो. पाणी हा आपल्या खात्याचा विषय नव्हे, असे त्या वेळी वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा नाल्याचे पाणी पिणाऱ्या वस्तीत हगवण पसरली होती, आणि त्याच बाईंना बाजेवर घालून आरोग्य केंद्रात नेले होते. त्या वाचल्या. पुढे हातपंपाच्या पाण्याची तपासणी झाली. त्यात लोह मर्यादेबाहेर होते, परंतु अन्य दोष आढळला नाही. म्हणजे गावाने जे पाणी टाकले ते साध्या उपायाने पिण्याजोगे होत होते, आणि जे स्वीकारले ते रोगाचे होते.

ह्या अनुभवाचा बोध एवढाच की, डोळा हा पाण्याचा भरवशाचा साक्षीदार नाही. लाल पाणी विषारीच असते असे नाही, आणि काचेसारखे पाणी निर्दोष असते असेही नाही.

दिसणारे लोह व न दिसणारे विष

हातपंपातून पाणी निघते तेव्हा ते पुष्कळदा स्वच्छ असते. भांड्यात काही वेळ ठेवले की पिवळसर किंवा तांबूस होते व तळाशी गाळ बसतो. ह्याचे कारण असे की जमिनीखाली हवा नसल्यामुळे लोह विरघळलेल्या स्थितीत असते. हवेतील प्राणवायूशी संबंध येताच त्याचा गंज बनतो व तो तळाशी बसतो. आपल्या भागात लोहखनिज विपुल आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे डोंगर त्यासाठी प्रसिद्धच आहेत. तेव्हा काही ठिकाणच्या भूजलात लोह अधिक आढळावे, ह्यात नवल नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) व त्यातील पुढील दुरुस्तीनुसार पिण्याच्या पाण्यात लोह एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. त्याहून अधिक लोहाने चव बिघडते, कपड्यांवर डाग पडतात, चहा काळसर होतो. मात्र तेवढ्याने माणूस सहसा आजारी पडत नाही.

ह्याच्या उलट शिसे, कॅडमियम, पारा व धातुसदृश आर्सेनिक ह्यांची गोष्ट आहे. त्यांना पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यांची मर्यादा अत्यंत अल्प आहे: शिसे व आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम व पारा ०.००१ मिलिग्रॅम. हे आकडे शेतकऱ्यांच्या ध्यानात यावेत म्हणून एक माप घेऊ. धानाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम भरते. घरी पाणी साठवण्याचे मोठे पिंप २०० लिटरचे असते. त्या पिंपात एका दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढे, म्हणजे सुमारे २ मिलिग्रॅम शिसे विरघळले, की पाणी मर्यादेच्या टोकास पोहोचले. एवढीशी वस्तू कोणाच्या डोळ्यांना दिसणार?

जगात ह्याची दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत. जपानमधील मिनामाता येथे कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा माशांच्या द्वारे लोकांच्या पोटात गेला. तेथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. बांगलादेशात हगवण व पटकी टळावी म्हणून तळ्यांचे पाणी सोडून लोकांना नलिकाकूपांचे पाणी देण्यात आले. पुढे त्यांतील पुष्कळ कूपांत आर्सेनिक निघाले. तेव्हा २००० ते २००३ ह्या काळात सुमारे ५० लाख नलिकाकूप तपासून दूषित कूपांना लाल व निर्दोष कूपांना हिरवा रंग देण्यात आला. आपल्या शेजारी, गडचिरोलीच्या सीमेस लागून असलेल्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात, कौडीकसा व आसपासच्या गावांत भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. ह्याचा अर्थ आपल्या हातपंपांत आर्सेनिक आहे, असा कोणीही घेऊ नये व घबराट पसरवू नये. खडकाची जात गावोगाव, किंबहुना पंपागणिक बदलते. परंतु 'आमचे पाणी स्वच्छ दिसते' ही गोष्ट पुरावा म्हणून चालणार नाही, एवढे ह्यावरून निश्चित होते.

आयन म्हणजे काय

विहिरीत लोखंडी बादली पडली तर पाण्यात धातू आला असे आपण म्हणू. परंतु येथे अभिप्रेत असलेला धातू तसा नव्हे. मीठ पाण्यात विरघळले की दिसेनासे होते, तरी ते तेथे असतेच. त्याचप्रमाणे धातूचे अणू विद्युतभार धारण करून पाण्यात विरघळतात; अशा भारित कणांस आयन म्हणतात. कापडातून पाणी गाळले तरी आयन अडत नाहीत, कारण कापडाच्या छिद्रांहून ते कित्येक पटींनी लहान असतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु आयन उडून जात नाहीत; उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी प्रत्येक सभेत आवर्जून सांगावी.

रंगाची परीक्षा आपणांस ठाऊक आहे

आयन ओळखण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे रंगाची. आपल्या जंगलात हिरडा गोळा करणाऱ्यांना तिचे तत्त्व अनुभवाने ठाऊक असते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातले की काळी शाई तयार होते. हिराकस हे लोहाचे क्षार आहे. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोहाच्या आयनास धरते आणि दोहोंच्या संयोगाने काळानिळा रंग उत्पन्न होतो. लोहयुक्त पाण्याचा चहा काळा पडतो तो ह्याच कारणाने. म्हणून हातपंपाच्या ताज्या पाण्यात हिरड्याची पूड टाकून काही मिनिटांनी ते काळसर झाले, तर लोह बऱ्यापैकी आहे असे समजावे.

ही परीक्षा सोपी आहे; परंतु तिचे दोन दोष आहेत. ती लोहापुरतीच चालते, आणि रंग दिसण्यास लोह पुरेसे असावे लागते. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम शिसे असता अशा घरगुती परीक्षेत कोणताच रंग दिसणार नाही. उन्हात लावलेली पणती आपल्या ध्यानात येत नाही. परंतु अंधाऱ्या रात्री तीच पणती दूरच्या टेकडीवरूनही दिसते. प्रकाशी परीक्षेची शक्ती ह्याच गोष्टीत आहे. काळोखात थोडासाही उजेड ओळखता येतो.

प्रतिदीप्ती म्हणजे काय

आपल्या भागात बिजा, म्हणजे बिबळा, ह्या वृक्षाच्या लाकडाचे पेले करतात. पेल्यात रात्रभर पाणी ठेवले की ते पिवळसर तपकिरी होते, आणि उन्हात विशिष्ट बाजूने पाहिले असता त्यावर निळसर झाक दिसते. ही निळी झाक रंगाची नव्हे, प्रकाशाची आहे. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पाण्यात उतरलेली द्रव्ये शोषून घेतात आणि त्याच क्षणी दिसणाऱ्या निळ्या उजेडाच्या रूपाने परत देतात. ह्या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. इंग्रजी नाव फ्लुओरेसन्स असे आहे. (असे पाणी मधुमेहासाठी पितात, ते वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, हे येथेच सांगितलेले बरे.)

अशाच गुणाच्या एका मेक्सिकन लाकडाविषयी स्पेनमधील वैद्य निकोलास मोनार्देस ह्यांनी १५६५ साली लिहून ठेवले. पुढे १६६४ साली रॉबर्ट बॉईल ह्यांनी त्या लाकडाच्या पाण्यात आम्ल घातले तेव्हा निळी झाक नाहीशी झाली, आणि क्षार घालताच ती परत आली. पाण्यात काय मिसळले आहे हे प्रकाशावरून कळू शकते, ह्याचे ते एक आरंभीचे उदाहरण होय. प्रतिदीप्तीचा नियम जॉर्ज स्टोक्स ह्यांनी १८५२ साली मांडला व तिला नावही त्यांनीच दिले. धातूच्या आयनासाठी तिचा पहिला उपयोग १८६७ साली फ्रिड्रिख गोपेलश्रोडर ह्यांनी केला. मोरिन नावाच्या वनस्पतिजन्य पिवळ्या द्रव्यास ॲल्युमिनियमचे आयन भेटले की ते हिरवट प्रकाशू लागते, असे त्यांनी दाखविले.

गावच्या सभेत प्रतिदीप्तीचे प्रात्यक्षिक करणे कठीण नाही. दुकानदार नोटा पारखण्यासाठी जो लहान अतिनील दिवा वापरतात, तो मिळवावा. अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडात नोटेची धाग्याची पट्टी चमकताना दाखवावी. काचेच्या भांड्यात थोड्या स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घालावी; ती हिरवट पिवळी प्रकाशते. हिरवी पाने स्पिरिटमध्ये कुटून गाळलेला अर्क लाल प्रकाशतो. दिव्याकडे थेट पाहू नये व मुलांच्या डोळ्यांवर तो धरू नये. स्पिरिट पेट घेते. जवळ चूल अथवा विडी नसावी.

एक खुलासा आवश्यक आहे. फ्लुओरेसन्स व फ्लुओराइड ही नावे सारखी भासतात. दोन्हींचे मूळ फ्लुओरस्पार नावाच्या एकाच खनिजात आहे. परंतु गोष्टी भिन्न आहेत. पाण्यातील फ्लुओराइडने दात व हाडे बिघडतात. फ्लुओराइड धातू नव्हे व धातूच्या परीक्षेत ते दिसत नाही. त्याची तपासणी स्वतंत्र करावी लागते.

मचाणावरील राखणदार

धातूचे आयन ओळखण्यासाठी जे प्रकाशणारे रसायन बनवितात, त्यास प्रकाशी संवेदक म्हणतात. त्याची रचना समजण्यासाठी धानाच्या राखणीचे उदाहरण पुरेसे आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी मचाण बांधतो. समजा, बांधावर एक दोरी ताणली आहे आणि तिचे दुसरे टोक मचाणावरील कंदिलास जोडले आहे. डुकराने दोरीस धक्का दिला की कंदील मोठा होतो, किंवा विझतो. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी राखणदारास बातमी मिळते.

संवेदकाचेही असेच तीन भाग असतात. पहिला भाग आयनास धरणारा. तो असा घडवितात की ठरावीक मापाचा व ठरावीक स्वभावाचा आयनच त्यात नीट बसावा; जसे कुलपात त्याचीच किल्ली बसते. आयनास कवेत घेणाऱ्या अशा कड्यांसारख्या रेणूंचा शोध चार्ल्स पेडरसन ह्यांनी लावला व १९६७ साली तो प्रसिद्ध केला. त्यासाठी १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुसरा भाग प्रकाशणारा, म्हणजे कंदील. तिसरा भाग ह्या दोहोंस जोडणारा, म्हणजे दोरी.

आयन धरला गेला की प्रकाशात जो फरक पडतो, तो मुख्यतः तीन प्रकारचा असतो.

(१) प्रकाश विझणे. लोह व तांबे ह्यांचे आयन पुष्कळ प्रकाशी द्रव्यांचा उजेड शोषून टाकतात. अतिसूक्ष्म कर्बकणांचे उदाहरण घ्या. असे प्रकाशणारे कण २००४ साली प्रथम आढळले. पुढे ते फळांचा रस, पाने अशा साध्या वनस्पतिजन्य पदार्थांपासून तापवून बनविता येऊ लागले. अतिनील दिव्याखाली ते निळे प्रकाशतात व लोहाचे आयन मिसळता मंद होतात. किती मंद झाले ह्यावरून लोहाचा अंदाज करता येतो.

(२) प्रकाश पेटणे. काही संवेदकांत आयन नसताना धरणाऱ्या भागातील एक इलेक्ट्रॉन उडी मारून प्रकाशणाऱ्या भागाचा उजेड विझवीत राहतो. आयन येऊन बसला की तो इलेक्ट्रॉन गुंतून पडतो व कंदील पेटतो. श्रीलंकेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ ए. पी. डी सिल्वा ह्यांनी १९८६ सालापासून ह्या तत्त्वावर मोठे काम केले. इस्पितळांत रक्तातील सोडियम व पोटॅशियम मोजणाऱ्या काही यंत्रांत ह्याच तत्त्वाचा उपयोग होतो. म्हणजे ही केवळ पुस्तकी कल्पना नव्हे.

(३) बंद कडे उघडणे. रोडामीन नावाच्या रंगद्रव्याचा एक प्रकार मिटलेल्या स्थितीत रंगहीन व निस्तेज असतो. तांब्याचा आयन भेटताच त्याचे कडे उघडते, द्रावण गुलाबी होते व प्रकाशू लागते. हे १९९७ साली दाखविण्यात आले, आणि पुढे ह्याच धर्तीवर पाऱ्यासाठीही अनेक संवेदक निघाले. चंद्रपूर जिल्ह्यात थानेवासना येथे तांब्याचे खनिज आहे. अशा भागासाठी तांब्याची परीक्षा उपयोगी ठरू शकते.

ह्या तीन प्रकारांत पेटणाऱ्या संवेदकावर अधिक भरवसा ठेवता येतो. कंदील विझला तर वाऱ्याने, तेल संपल्याने वा डुकराने, कशानेही विझला असेल. परंतु आपोआप पेटला तर कोणीतरी दोरी ओढली हे अधिक संभवनीय असते.

ह्या परीक्षेच्या मर्यादा

नव्या साधनाविषयी उत्साह असावा; परंतु त्याचे दोष झाकू नयेत. प्रकाशी संवेदकांवरील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेत आहे. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात एकेक आयन घालून जे दिसते, ते आपल्या बोडीच्या पाण्यात तसेच दिसेल असे नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे.

जंगलातील नाल्यांत व तलावांत पालापाचोळा कुजत असतो. त्यातून पाण्यात उतरणारी तपकिरी द्रव्ये अतिनील उजेडात स्वतःच निळसर प्रकाशतात. संवेदक न घालताही असे पाणी चमकते. अशा वेळी धातू नसता धातू असल्याचा भास होतो. उलट हीच द्रव्ये धातूच्या आयनांना स्वतः धरून ठेवतात, त्यामुळे संवेदकास आयन भेटत नाही व धातू असूनही तो नाही असे वाटते. गढूळ पाण्यात मातीचे कण उजेड अडवितात. पाण्याचा आम्ल-अल्कपणा बदलला की प्रकाश बदलतो, हे बॉईल ह्यांच्या प्रयोगात आपण पाहिलेच. एका धातूसाठी केलेल्या कुलपात दुसऱ्या धातूची किल्लीही कधी कधी बसते. आणि लोह विपुल असेल तर ते इतरांचा उजेड विझवून टाकते. आपल्या भागात हा शेवटचा दोष विशेष महत्त्वाचा आहे.

म्हणून अशी परीक्षा करताना तीन नमुने शेजारी ठेवावेत: एक शुद्ध पाण्याचा, एक ठरावीक प्रमाणात धातू घातलेल्या पाण्याचा व एक आपल्या पाण्याचा. शिवाय आपल्या पाण्याचा एक भाग संवेदक न घालता दिव्याखाली पाहावा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने प्रकाश मोजण्याची सोयही आता होऊ लागली आहे. परंतु प्रत्येक मोबाइलचा कॅमेरा निराळा असतो, तेव्हा तुलना एकाच मोबाइलने व एकाच अंधाऱ्या पेटीत करावी. आणि निष्कर्ष काहीही निघो, त्यास प्रयोगशाळेतील यंत्राचा दुजोरा मिळेपर्यंत तो संशयच समजावा. मचाणावरील राखणदार हाक देतो. कोणते जनावर आले हे उजेड घेऊन जाऊन पाहावे लागते.

नमुना कसा घ्यावा

परीक्षा कितीही सूक्ष्म असली, तरी नमुना चुकीचा घेतला तर सर्व श्रम वाया जातात. ह्या कामी पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) हातपंप प्रथम सुमारे पाच मिनिटे चालवावा. नळीत रात्रभर साचलेल्या पाण्यात नळीचाच गंज असतो.

(२) धातूंच्या तपासणीसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी. लोखंडी, पितळी वा तांब्याच्या भांड्यातून पाणी बाटलीत ओतू नये.

(३) प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेली बाटली विसळू नये. ते आम्ल धातू बाटलीच्या बाजूस चिकटू नये म्हणून घातलेले असते. बाटली मुलांच्या हाती देऊ नये.

(४) लोहाची परीक्षा जागेवर, पाणी ताजे असताना करावी.

(५) बाटलीवर गाव, वस्ती, पंपाची खूण, दिनांक व वेळ लिहावी. 'शाळेजवळील पंप' एवढे पुरत नाही. शाळेजवळ दोन पंप असू शकतात.

(६) वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, नमुने घ्यावेत. खाणी, कोळशाचे ढीग किंवा औष्णिक केंद्राचे राखेचे तलाव ज्या नाल्याच्या वरच्या अंगास आहेत, त्या नाल्याचे नमुने वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंनी घ्यावेत. म्हणजे फरक कोठे पडतो ते कळते.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या संचात लोह, फ्लुओराइड, नायट्रेट, कठीणपणा इत्यादींची परीक्षा रंगावरून होते. शिसे, कॅडमियम, पारा ह्यांची परीक्षा अशा साध्या संचात सहसा नसते. त्यासाठी नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा व धातूंची नावे लिहून मागणी करावी. नाव न लिहिल्यास नेहमीचीच तपासणी होण्याचा संभव असतो.

निष्कर्ष आल्यावर काय करावे

केवळ लोह अधिक निघाले व इतर दोष नसेल, तर पंप सोडून नाल्याकडे जाऊ नये. पाणी उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात अनेकदा ओतावे, म्हणजे हवा मिसळते. रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी वरचे पाणी न ढवळता काढून वाळूच्या गाळणीतून गाळावे व जंतूंसाठी उकळावे किंवा क्लोरीन घालावे. सबंध वस्तीसाठी हातपंपास जोडावयाचे लोहनिवारण संयंत्र नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तयार केले आहे. त्यातही हवा व वाळू ह्यांचेच तत्त्व आहे. संयंत्रातील वाळू वेळेवर धुतली नाही तर ते निरुपयोगी होते, ही गोष्ट ग्रामपंचायतीने ध्यानात ठेवावी.

परंतु लोह सापडले म्हणून इतर तपासणी टाळू नये. काही प्रदेशांत लोह व आर्सेनिक एकाच पाण्यात आढळतात. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम किंवा पारा मर्यादेबाहेर आहे असे प्रयोगशाळेने कळविल्यास त्या पंपाचे पाणी पिणे व स्वयंपाकास वापरणे तत्काळ थांबवावे, पंपावर ठळक लाल खूण करावी व पर्यायी पाण्याची व्यवस्था होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. खूण करताना कारणही लोकांना समजावून सांगावे. नुसता लाल रंग दिला तर कोणी तो पुसून टाकतो, कोणी भलतीच भीती घेतो.

ओलिताच्या दृष्टीनेही ही माहिती उपयोगी आहे. पाण्यात लोह लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक असल्यास ठिबक संचाच्या तोट्या चोंदण्याचा मोठा धोका असतो. अशा वेळी पाणी आधी टाकीत पडू देऊन निवळू द्यावे. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिल्याने जमिनीतील आर्सेनिक अधिक विरघळते व पिकात शिरते. म्हणून ज्या पाण्यात आर्सेनिक सिद्ध झाले आहे, ते धानास देण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

सारांश

पाण्याचा रंग पाहून त्याचा निवाडा करू नये. लाल पाण्याचा दोष बहुधा घरच्या घरी निवारता येतो. स्वच्छ पाण्यातील विष मात्र परीक्षेवाचून कळत नाही व उकळल्याने जात नाही. हिरड्याची परीक्षा लोह दाखविते; प्रकाशी संवेदक त्याहून फार सूक्ष्म प्रमाण दाखवू शकतो, परंतु त्याची साक्ष प्रयोगशाळेच्या दुजोऱ्यावाचून पुरी होत नाही. कोणतीही नवी परीक्षा आली, तरी स्वच्छ बाटली, योग्य नमुना व खरी नोंद ह्यांचे काम कार्यकर्त्यालाच करावे लागेल. आणि एखाद्या गावी स्त्रिया पंप सोडून नाल्याकडे जाताना दिसल्या, तर आपले खाते कोणते हा विचार न करता तेथेच थांबून कारण विचारावे, व ते कारण योग्य ठिकाणी त्याच दिवशी कळवावे.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणत्या पंपाचे पाणी लोकांनी सोडले आहे? ते कधीपासून व का?

२. त्या पंपाची शेवटची तपासणी केव्हा झाली व तीत कोणकोणते पदार्थ तपासले होते?

३. पाणी उकळल्याने कोणता दोष जातो व कोणता जात नाही?

४. पालापाचोळ्याच्या तलावाचे पाणी संवेदक न घालता दिव्याखाली का पाहावे?

५. लोहयुक्त पाणी पिण्याजोगे करण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगा.